नऊ दिवसांनी परत उघडता येईल असं ॲप

सप्रेम नमस्कार,

माझं वय ३४. घरून भाषांतराचं काम करते. मागच्या वर्षी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्या विकाराचं, निदान झालं. औषधं चालू आहेत, त्यांचा उपयोगही होतोय, पण दिवस कुठे जातो ते अजून कळत नाही. फोनमध्ये सध्या सहा प्लॅनर ॲप आहेत. प्रत्येकाचे पहिले दहा-बारा दिवस झकास जातात. रंग ठरवते, लेबलं लावते, रात्र रात्र त्यात रमते. मग एक दिवस चुकतो. त्यानंतर ते ॲप उघडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. गजर लावते, वाजला की बंद करते आणि बंद केल्याचं आठवतही नाही. गेल्या महिन्यात एका क्लायंटबरोबरची चार वाजताची व्हिडिओ मीटिंग बुडाली. गंमत म्हणजे सकाळपासून डोक्यात तीच होती. नवऱ्याचं म्हणणं, 'फोन हेच दुखण्याचं मूळ आहे, तो बाजूला ठेव, सगळं ताळ्यावर येईल.' तो रागावून म्हणत नाही, म्हणून जास्तच लागतं. माझ्यासारखीला खरोखर चालेल असं एकच ॲप सांगाल का?

— अर्धवट यादीवाली

प्रिय अर्धवट यादीवाली,

ॲपचं सांगते, पण आधी तुमच्या पत्रातलं एक छोटं वाक्य. 'मग एक दिवस चुकतो.' तुमची सहाच्या सहा ॲप इथेच बाद झाली आहेत. बहुतेक प्लॅनर बघितले की वाटतं, ज्यांचा दिवस कधी चुकतच नाही अशा माणसांसाठी ते बनवले असावेत. तुमचा चुकणार. आजारपण, रात्रभर चाललेलं एखादं काम, नुसता कंटाळा, कारण काहीही असेल. तेव्हा रोज वापरता येईल असं ॲप शोधणं सोडा. नऊ दिवस तोंड दाखवलं नाही आणि दहाव्या दिवशी उघडलं तरी जे अंगावर येणार नाही, ते तुमचं.

पहिले दहा-बारा दिवस झकास का जातात, तेही बघा. एडीएचडी असलेल्या माणसाचं लक्ष एखादं काम महत्त्वाचं आहे एवढ्यावर तिकडे वळत नाही. ते वळतं नव्या गोष्टीकडे, आवडीच्या गोष्टीकडे, नाहीतर अगदी गळ्याशी आलेल्या गोष्टीकडे. नवं ॲप यातल्या पहिल्या दोन्हींत बसतं. रंग निवडणं, विभाग पाडणं, चिन्हं लावणं हे एक स्वतंत्र, मजेचं काम आहे. हौस म्हणून जरूर करा, फक्त त्याला नियोजन म्हणू नका. ज्याची मांडामांड अर्ध्या तासात आटपत नाही, ते ॲप तुमच्यासाठी नाही.

आता नऊ दिवसांनी उघडल्यावर समोर काय येतं? लाल अक्षरांत 'थकीत ४७'? सलग किती दिवस वापरलंत त्याचा आकडा, आणि तो शून्यावर आलेला? फॉरेस्ट नावाच्या ॲपमध्ये तुम्ही फोन बाजूला ठेवलात की पडद्यावर एक झाड वाढतं, आणि मध्येच दुसरीकडे गेलात की ते वाळतं. कित्येकांना त्या झाडाची कणव येते आणि त्यांचं काम होऊन जातं. ज्यांना पोटात गोळा येतो त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. सलग दिवस मोजण्याची सोय बंद करा, आयकनवरचा लाल आकडा बंद करा. जिथे ते बंदच करता येत नाही ते ॲप फोनच्या पहिल्या पानावरून हलवा.

परत येण्याची रीतही आत्ताच ठरवून टाका. त्या दिवशी ठरवायला बसलात तर होणार नाही. मागची सगळी कामं एका फटक्यात निवडायची आणि 'जुनं' नावाच्या यादीत ढकलायची. वाचायची नाहीत. वाचायला लागलात की तासभर गेला. मग कोऱ्या यादीत आजची तीन कामं. 'जुनं' चाळायचं असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी, निवांत. ज्यांची तारीख टळली की दंड बसतो अशा गोष्टी मुळात यादीत ठेवूच नका. त्या कॅलेंडरवर टाका, किंवा जिथे सोय असेल तिथे पैसे खात्यातून आपोआप वळते होऊ द्या. तुमच्या स्मरणशक्तीची गरज जिथे शून्यावर आणता येते तिथे ती आणावी. त्यात कसलाही कमीपणा नाही.

आता ती मीटिंग. सकाळपासून डोक्यात असूनही ती बुडाली, यात मला नवल वाटत नाही. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हा बराचसा काळाच्या जाणिवेचा प्रश्न आहे असं सांगत आले आहेत. घड्याळ वाचता येतं, पण अर्धा तास सरल्याचं आतून जाणवत नाही. त्यात आणखी एक मेख आहे. पुढे करायच्या गोष्टी लक्षात ठेवण्याचे दोन प्रकार मानसशास्त्रात वेगळे धरतात. एक, 'चार वाजता अमुक करायचं'. दुसरा, 'अमुक घडलं की तमुक करायचं'. दुसऱ्यात बाहेरून खूण मिळते. पहिल्यात ती आपली आपण काढावी लागते, अधूनमधून घड्याळाकडे नजर टाकून, आणि एडीएचडीत नेमकं तेच अडतं. मीटिंग तुमच्या डोक्यात होती. चार वाजलेले नव्हते.

गजर ही उणीव भरून काढायलाच असतो. मग तो फसतो का? जरा बारकाईने बघू. गजर वाजतो तेव्हा तुम्ही एका अवघड वाक्याच्या मध्यात असता. पडद्यावर लिहिलेलं असतं 'मीटिंग'. ते तुम्हाला सकाळपासून माहीत आहे. माहीत असलेलं कुणी पुन्हा सांगितलं की आपण 'हो, हो' म्हणून त्याला वाटेला लावतो, तसं अंगठा त्या गजराला लावतो. एका सेकंदाचं काम. उलट मीटिंगला बसायचं तर फाइल मिटवा, हेडफोन शोधा, लिंक कुठल्या मेलमध्ये आहे ते बघा, अशी पाच-सहा कामं. या दोन्हींत अंगठा कुठलं निवडणार?

म्हणून गजराच्या नावात नाम नको, क्रियापद हवं. चारची मीटिंग असेल तर ३:३५ ला 'हातातलं वाक्य संपव, नवा परिच्छेद उघडू नकोस.' ३:५० ला 'हेडफोन लाव, खुर्चीत बस.' ३:५५ ला 'लिंक दाब आणि तिथेच थांब.' लिंक त्या नोंदीतच चिकटवलेली असू द्या. आणि नियम एकच: जे लिहिलंय ते अंगाने केल्याशिवाय गजर कायमचा बंद करायचा नाही. वेळ हवा असेल तर स्नूझ दाबा. स्नूझची सकाळच्या झोपेपायी उगाच बदनामी झाली आहे. दिवसाच्या कामात ती तुमची मैत्रीण आहे, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा दार वाजवते. घात करतं ते 'बंद'चं बटण.

दर वेळी तीन गजर लावायचे लक्षात कसं राहणार, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. गूगल कॅलेंडरमध्ये एका नोंदीला एकाहून जास्त सूचना लावता येतात, आणि सेटिंगमध्ये एकदा ठरवून दिल्या की पुढच्या प्रत्येक नोंदीला त्या आपोआप लागतात. हे काम एकदाच. गजर हाताने लावायचे ते फक्त चुकवून चालणारच नाही अशा गोष्टींचे. एक मात्र आजच तपासा. आयफोनवर फोकस, म्हणजे सूचना गप्प करणारी सोय, चालू असली तरी घड्याळातला गजर वाजतो, पण कॅलेंडरची सूचना, त्या ॲपला तुम्ही मुभा दिली नसेल तर, मुकाट्याने येऊन पडते. अँड्रॉइडवरही गजराचे नियम वेगळे आणि सूचनांचे वेगळे. कामात व्यत्यय नको म्हणून फोन गप्प केला आणि त्या गप्पपणातच मीटिंग बुडाली, असं पुष्कळांचं होतं. गजराचा आवाजही अधूनमधून बदला. कानाला सवय झाली की तो असून नसल्यासारखा.

मीटिंग सोडून उरलेल्या दिवसासाठी दिसणारा टायमर घ्या. आकडे उलटे मोजणारा नको, ज्यात उरलेला वेळ रंगीत चकतीसारखा दिसतो आणि आक्रसत जातो तो. १९९०च्या दशकात जॅन रॉजर्स या अमेरिकी आईने 'अजून किती वेळ?' विचारणाऱ्या आपल्या लहान मुलीसाठी अशी लाल चकती बनवली, त्यातून टाइम टायमर आला. आता तशी ॲपही भरपूर आहेत. '१७:४२' वाचून त्याचा अर्थ लावावा लागतो. चकती चतुर्थांश उरली, हे मान वर केली की कळतं. जुना टॅब्लेट असेल तर टेबलावर तो याच एका कामाला लावा.

पोमोडोरो तुम्ही करून बघितलंच असेल. २५ मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन तरुणाने १९८०च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवर ते बसवलं. त्याला २५ मिनिटं मानवली, म्हणून ती सगळ्या मानवजातीला मानवावीत असं काही नाही. काम सुरूच होत नसेल तर दहा मिनिटं लावा. लागली तंद्री की मात्र २५ व्या मिनिटाची घंटा हा निव्वळ दुष्टपणा आहे. भाषांतर करणाऱ्याने परिच्छेद संपल्यावर थांबावं. फक्त तंद्रीलाही कुठेतरी कुंपण हवं, म्हणून जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेचा एक गजर दुसऱ्या खोलीत ठेवा, उठून जावं लागेल असा. (ऑटिस्टिक वाचकांपैकी बऱ्याच जणांना अचानक वाजणारी घंटा आणखीच जाचक होते. त्यांनी आवाजाऐवजी कंपन किंवा दिवा वापरावा, आणि एका कामातून दुसऱ्याकडे जायच्या आधी दहा मिनिटांची पूर्वसूचना. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण, असणाऱ्यांनी यादी लिहायची सक्ती स्वतःवर करू नये. बोलून नोंदवता येते, फोनकडून वाचून घेता येते.)

सुरुवात करणं हे वेगळं दुखणं. 'अहवालाचं भाषांतर पूर्ण करणे' हे काम नव्हे, तो एक ढिगारा आहे. गॉब्लिन टूल्स नावाची एक साधी सोय इंटरनेटवर आहे. काम लिहिलं की ते बारीक पायऱ्यांत फोडून देते, आणि किती बारीक हवं ते मिरच्यांच्या संख्येवर ठरवता येतं. हल्लीचे एआय चॅटबॉटही हे करून देतात. दोन गोष्टी सांभाळा. क्लायंटचा मजकूर तिथे चिकटवू नका, नुसतं कामाचं स्वरूप सांगा. तुमच्या व्यवसायात गोपनीयता हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. आणि वीस पायऱ्या मिळाल्या की त्यांना रंग देत बसू नका. पहिली उचला, बाकीच्या मिटवा.

याहूनही स्वस्त उपाय जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९०च्या दशकात अभ्यासला: 'अमुक झालं की तमुक करीन' अशा शब्दांत ठरवायचं. वर सांगितलेला दुसरा प्रकार तो हाच. 'लॅपटॉप उघडला की मेलच्या आधी कालची फाइल.' त्यासाठी रात्री लॅपटॉप मिटताना फाइल अर्ध्या वाक्यावर उघडीच ठेवा. सकाळी समोर इनबॉक्स यायला नको, ते अडलेलं वाक्य यायला हवं.

अंदाजांचं थोडक्यात. काम प्रत्यक्षाहून लवकर होईल असं सगळ्याच माणसांना वाटतं. कानमन आणि त्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या खोडीला नाव दिलं होतं. तुम्हाला ती जरा जास्त भोवते. एक आठवडाभर फक्त एवढं मोजा, हजार शब्दांना किती वेळ लागला. मग मोजणं थांबवा, कायमचं मोजत बसाल तर ते सातवं ॲप होईल. आलेला आकडा भिंतीवर लावा आणि क्लायंटला तारीख सांगताना मनाला न विचारता भिंतीला विचारा.

आता तुमच्या यजमानांकडे वळू. एडीएचडीच्या निदानासाठी काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, असं डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेत स्पष्ट आहे. तुम्ही बारा वर्षांच्या होतात तेव्हा आयफोन बाजारात यायला अजून काही वर्षं होती. फोन मूळ असणं शक्यच नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. तरी त्यांचं अर्धं बरोबर आहे, आणि तेवढं मान्य केलंत तर तुमचाच फायदा. आठवण करून देणारी वस्तू आणि भुलवणारी वस्तू एकच आहे, ही खरी अडचण. गजर बंद करायला फोन हातात घेतला आणि चाळीस मिनिटांनी भानावर आलात, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण होत असणार. फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धीची ताकद कमी होते असं सांगणारा एक अभ्यास २०१७ मध्ये गाजला. पुढे तो पुन्हा करून बघणाऱ्या सगळ्यांना तसं आढळलं नाही, त्यामुळे त्याची पोथी करू नका. फारकत मात्र करा. आठवणी मनगटावरच्या घड्याळाने द्याव्यात, टेबलावरच्या जुन्या टॅब्लेटने द्याव्यात, बोलणाऱ्या स्पीकरने द्याव्यात. फोन कामाच्या वेळात दुसऱ्या खोलीत राहू दे. ते शक्य नसेल तेव्हा फोकस मोड, आणि तोही ठरलेल्या वेळी आपोआप चालू होणारा. रोज आठवणीने चालू करावी लागणारी शिस्त ही तुमच्यासाठी शिस्त नव्हे.

त्यांना मदत करायचीच असेल तर काम आहे. 'झालं का?' विचारायचं नाही, तुमचा गजर व्हायचं नाही. त्याने लग्नाचं ऑफिस होतं. त्यांनी त्यांचं काही काम घेऊन तुमच्या खोलीत तासभर नुसतं बसावं. दुसऱ्याच्या सोबतीत काम सुरू होतं आणि चालू राहतं, असा अनुभव एडीएचडी असलेली कितीतरी माणसं सांगतात. त्यावरचं संशोधन अजून तुटपुंजं आहे, पण करून बघायला काही लागत नाही. घरात कुणी नसेल तेव्हा फोकसमेटसारख्या सेवेवर २५, ५० किंवा ७५ मिनिटांसाठी अनोळखी माणसाबरोबर व्हिडिओवर बसता येतं. आपापलं काम सांगायचं, आवाज बंद करायचा, करायचं. विचित्र वाटतं, हे खरं. पण समोरचाही त्याच दुखण्यापायी आलेला असण्याची शक्यता बरीच असते.

औषधाचं एक. त्याचा अंमल कधी चढतो आणि कधी उतरतो ते आठ दिवस कॅलेंडरवर एका शब्दात लिहा, 'लागलं', 'उतरलं'. अवघड भाषांतर त्या मधल्या वेळात ठेवा, बिलं आणि मेल उतारावर. संध्याकाळ फारच कोलमडत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. तो प्रश्न त्यांचा आहे, प्लॅनरचा नाही.

तेव्हा ॲप कुठलं? फोनमध्ये आहे तेच कॅलेंडर, आहे तेच घड्याळ, एक साधी नोंदवही आणि एक रंगीत चकती. नोंदवहीत दोनच याद्या, 'आज' आणि 'जुनं'. हे सगळं लावायला अर्धा तास घ्या, टायमर लावून. वाजला की जेवढं झालं तेवढं झालं. उरलेली सहा ॲप पुसायचा समारंभ करू नका, त्यात एक दुपार जाईल आणि पुसता पुसता एकात पुन्हा रमाल. एका फोल्डरमध्ये टाका, तो शेवटच्या पानावर सरकवा. महिन्याभराने नवं काहीतरी डाउनलोड करावंसं वाटेलच. तेव्हा मनाला एवढंच विचारा की जुनं चालत नाहीये की जुनं झालंय. नुसतं जुनं झालं असेल तर त्या चकतीचा रंग बदला.

आणि त्या क्लायंटला अजून लिहिलं नसेल तर आज दोन ओळी लिहा. निदानाची कहाणी नको, कारणंही नकोत. मीटिंग चुकली त्याबद्दल क्षमस्व, अमुक दोन वेळांपैकी कुठली चालेल, आणि यापुढे वेळ ठरली की कृपया मेसेजऐवजी कॅलेंडरचं आमंत्रण पाठवाल का. व्यवसायात ही विनंती कुणाला वावगी वाटत नाही. बाकीच्या क्लायंटनाही त्यांच्या पुढच्या कामाच्या वेळी हेच सांगा. मग नोंद करायचं काम त्यांच्याकडे गेलं, आणि तुमचे तीन इशारे त्या नोंदीला लागतात का ते पहिल्या आमंत्रणावर एकदा बघून घ्या. दुसऱ्याने पाठवलेल्या नोंदीवर कधी कधी ते हाताने टाकावे लागतात.